ठणका थांबला, कीड नाही

मंडळी, दाढ दुखू लागली की आपण काय करतो? लवंग दाबतो. कोणी तंबाखू धरतो, कोणी मिसरी. चार दिवसांनी ठणका थांबतो. मग म्हणतो, चला, बरं झालं!

पण बरं झालेलं नसतं. दाढेच्या आत नस असते. कीड तिथवर गेली की ठणका लागतो. नस मेली की ठणका थांबतो. कीड मात्र मुळापाशी जाते. तिथं पू होतो, गाल सुजतो. सुजेबरोबर ताप आला, तोंड उघडेना, घास गिळवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पू पसरला तर जीवावर बेततं.

कीड लहान असेल तर डॉक्टर दात कोरून भरतात. नसेपर्यंत गेली असेल तर नस काढून मूळ साफ करतात. दाढ वाचते. काढावीच लागली तर सुई देऊन जागा बधिर करतात.

आणि पैसे? आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारी मुलं शिक्षकांच्या नजरेखाली काम करतात. दोन-चार खेपा होतात, पण खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. केसपेपर सकाळीच काढा. भाकरी बांधून न्या, वेळ लागतो.