लालापिंडांतील गांठी : साध्या व मारक

कानाच्या पाळीखालीं, जबड्याच्या कोनापाशीं एखादी लहानशी गांठ हातास लागते. ती दुखत नाहीं, खाण्यापिण्याच्या आड येत नाहीं. म्हणून मनुष्य वर्षानुवर्षें तिच्याकडे काणाडोळा करतो. जें दुखत नाहीं त्याला भिण्याचें कारण नाहीं, ही समजूत लोकांत खोल रुजलेली आहे. लालापिंडांच्या बाबतींत ती घातुक ठरण्याचा संभव असतो.

तोंडांत लाळ सोडणाऱ्या मोठ्या पिंडांच्या तीन जोड्या आहेत : एक कानापुढें, दुसरी जबड्याखालीं व तिसरी जिभेखालीं. यांखेरीज ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरांत शेंकडों बारीक पिंड विखुरलेले असतात. कानाजवळचा पिंड सुजला म्हणजे लोक गालगुंड म्हणतात. पण तें बहुधा ज्वराबरोबर येतें आणि कांहीं दिवसांत ओसरतें. जेवतांना फुगून दुखणारी व मागाहून उतरणारी सूज बहुधा लाळेच्या नळींत खडा अडकल्याची खूण असते. जी गांठ ओसरतच नाहीं, ती अर्बुद असण्याचा संशय घेतला पाहिजे.

अशी गांठ साधी कीं मारक, याचा पहिला अंदाज तिच्या जागेवरून येतो. पिंड जितका लहान, तितकी त्यांतील गांठ अधिक संशयास्पद, असा ढोबळ नियम आहे. कानाजवळच्या पिंडांतील १०० गांठींपैकीं सुमारें ८० साध्या असतात. जबड्याखालील गांठींत हें प्रमाण निम्म्याच्या आसपास येतें. जिभेखालील गांठी तर बहुतेक मारकच निघतात.

दुसरा अंदाज लक्षणांवरून बांधतात. साधी गांठ सावकाश वाढते, बोटाखालीं हलते आणि तिच्यावरील कातडी मोकळी राहते. गांठ एकाएकीं वाढूं लागणें, खालच्या भागास चिकटून बसणें, सतत ठणकणें, कातडीवर व्रण होणें, मानेंत आणखी गांठी उठणें, हीं चिन्हें वाईट होत. सर्वांत बोलकी खूण चेहऱ्याची. चेहरा हलविणारा मज्जातंतु कानाजवळच्या पिंडांतूनच जातो. साधी गांठ त्यास बाजूस सारते, पण सहसा लुळा पाडीत नाहीं. मारक गांठ त्यांत शिरते. मग त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाहीं आणि तोंड वांकडें होतें.

परंतु वाईट चिन्हें नाहींत, एवढ्यावरून गांठ साधी ठरत नाहीं. कर्करोगाचा एक प्रकार वर्षानुवर्षें मंद गतीनें वाढतो आणि मज्जातंतूच्या कडेकडेनें दूर पसरतो. उलट, साध्या गांठींत जी सर्वांत अधिक आढळते, तीही पुष्कळ वर्षें तशीच ठेवल्यास कांहीं रोग्यांत मारक रूप घेते. धूम्रपान करणाऱ्यांत विशेष आढळणारी आणि अमेरिकन रोगविज्ञ वॉर्थिन यांच्या नांवानें ओळखली जाणारी गांठ मात्र क्वचितच असें वळण घेते.

म्हणून निर्णय बोटांनीं करावयाचा नसतो. ध्वनिलहरींच्या साहाय्यानें गांठीचें चित्र घेतात व बारीक सुईनें तिच्यांतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. सुई लावल्यानें रोग पसरतो, ही भीति पुष्कळांस असते. बारीक सुईच्या बाबतींत असें घडणें अत्यंत विरळ आहे. तथापि सुईची तपासणीही क्वचित् चकवते. शेवटचा निर्वाळा संपूर्ण गांठ काढून तपासल्यावरच मिळतो.

काढतांनाही नुसती गांठ कोरून काढणें इष्ट नव्हे. साध्या गांठीचें आवरणही ठिकठिकाणीं अपुरें असतें. उरलेल्या कणांपासून ती पुनः उगवते. यास्तव भोंवतालच्या निरोगी भागाच्या कडेसह, मज्जातंतु जपून, ती काढतात. गांठ लहान असतां हें काम पुष्कळ सुकर होतें; ती वाढून मज्जातंतूस वेढूं लागली म्हणजे चेहरा वांचविणें कठीण पडतें. न दुखणारी गांठ दोनतीन आठवडे टिकून राहिली, तर लेप व शेक यांत काळ न दवडतां ती तज्ज्ञास दाखवावी, हेंच शहाणपणाचें.