पुराच्या देशातील एक दिवस

(नेदरलँड्सच्या अभ्यासदौऱ्यावर निघालेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



अशा निरोपाच्या प्रसंगी उपदेशाचे चार शब्द सांगण्याची प्रथा आहे. त्याऐवजी मी आपणांस, यापूर्वी याच देशात जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्याच्या एका दिवसाची हकीकत सांगणार आहे. हा विद्यार्थी शिरोळ तालुक्यातील, कृष्णाकाठचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या घरात पुराचे पाणी शिरले, तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा शिरले. दौऱ्याहून परतल्यावर त्याने आपली टिपणवही मला वाचावयास दिली.

त्या दिवसाची सकाळ झीलंड प्रांतातील आउवरकेर्क या गावी उजाडली. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात वादळ आणि मोठी भरती एकाच वेळी आली. बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. शेवटचे खिंडार बुजविण्यासाठी येथे काँक्रीटच्या चार अजस्र पेट्या पाण्यात बसविण्यात आल्या. ते काम त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला पुरे झाले. आज त्याच पेट्यांच्या पोटात महापुराचे संग्रहालय आहे. आपल्या विद्यार्थ्याने तेथे लिहिले, ‘यांनी आपला पूर विसरू दिला नाही. आमच्याकडे भिंतीवरची पाण्याची खूण पुढच्या दिवाळीच्या रंगात पुसली जाते.’

दुपारी तो ओस्टरस्खेल्डे या खाडीच्या मुखावरील बंधाऱ्यावर उभा होता. लांबी सुमारे नऊ किलोमीटर, ६५ खांब आणि त्यांमध्ये ६२ पोलादी दरवाजे. प्रथम त्याने हे आकडेच टिपून घेतले. पुढे त्याला कळले की, मूळ योजना खाडीचे मुख कायमचे बंद करण्याची होती. तसे झाले असते तर खारे पाणी आणि भरती-ओहोटी गेली असती, व त्यांबरोबर शिंपले आणि कालवेही गेली असती. मच्छीमार आणि निसर्गप्रेमी यांनी विरोध केला. सत्तरच्या दशकात शासनाने आराखडा बदलला आणि एरवी उघडे राहणारे, वादळातच बंद होणारे दरवाजे बसविले. १९८६ साली हे काम राष्ट्राला अर्पण झाले. वहीत आकड्यांच्या खाली एक ओळ अधोरेखित आहे : ‘आराखडा बदलता येतो.’

सायंकाळी तो बेर्खसे मास नदीकाठच्या ओव्हरडीप्स पोल्डर या सखल शेतीपट्ट्यात पोहोचला. १९९३ आणि १९९५ साली तेथील नद्यांना मोठे पूर आले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. बांध उंच करीत राहणे हा एकच उपाय पुरणार नाही, हे तेव्हा ध्यानी आले आणि ‘नदीला जागा’ ही योजना तीसहून अधिक ठिकाणी हाती घेण्यात आली. या पट्ट्यात १७ शेतकरी कुटुंबे होती. मोठ्या पुराचे पाणी आपल्या शेतात येऊ द्यावे, म्हणजे नदीची पातळी उतरून इतर गावे वाचतील. आपली घरे आणि गोठे मात्र उंच टेकाडांवर बांधावेत, असा आराखडा त्या शेतकऱ्यांनीच पुढे मांडला. नदीकडचा बांध कमी उंचीचा केला गेला. आठ टेकाडे उभी राहिली आणि आठ कुटुंबे तेथे राहिली. बाकीच्यांनी तो पट्टा सोडला.

त्या रात्री वहीत दोनच ओळी आहेत : ‘दुसऱ्याचे गाव वाचावे म्हणून पाणी आपल्या शेतात घ्यायचे. हे मी वडिलांना कसे सांगू?’

मित्रहो, त्याच्या साऱ्या दौऱ्याचे फलित या प्रश्नात आहे, असे मला वाटते. तेथील योजना जशीच्या तशी उचलून आणणे शक्य नाही. तेथे पाऊस वर्षभर विभागून पडतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो. आपल्या नदीकाठी जमीन गुंठ्यांनी मोजली जाते. गुंठ्यांचा धनी ती सोडून जाणार कोठे? परंतु तेथे निर्णयापूर्वी माणसांना विचारले गेले, ही गोष्ट आपणांस आणता येईल. तेथील पाणी मंडळे शतकानुशतके चालत आलेली आहेत. लोक त्यांचे प्रतिनिधी निवडतात आणि त्यांना करही देतात. आपल्याकडे नकाशावर निळी व लाल पूररेषा आखली जाते. तिचा अर्थ तिच्या आत राहणाऱ्यांस समजावून सांगण्याचे काम मात्र पुष्कळ बाकी आहे. माहिती खात्यात वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याने हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

गावी परतल्यावर त्या विद्यार्थ्याने जाणत्यांना बरोबर घेऊन २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा शाळेच्या भिंतीवर तैलरंगाने रेखाटल्या. वडिलांनाही त्याने सारे सांगितले. ते राजी झाले नाहीत. ‘आधी आम्हाला विचारा, मग बघू,’ एवढेच ते म्हणाले. त्या शेतकऱ्यांची गोष्टही येथूनच सुरू झाली असावी.

आपणही तेथे आकडे अवश्य टिपून घ्या. पण प्रत्येक आकड्याशेजारी एक प्रश्न लिहा : हे कोणाला विचारून ठरले? आणि परत आल्यावर आपला पहिला अहवाल आपल्या गावच्या ग्रामसभेत, आपल्या मराठीत वाचून दाखवा.

आपला प्रवास सुखाचा होवो.