जालन्याहून मुंबई: दोन दिवस, तीन माणसं आणि एक बंदर

आजचा भाग फिरायला जायच्या तयारीवर आहे. शहर समुद्राकाठचं, आशियातल्या मोठ्या बंदरांपैकी एक. सिंगापूर नाही, हाँगकाँग पण नाही. जालना स्टेशनवर रात्री गाडीत बसलं की सकाळी जिथं उतरतो, ती आपली मुंबई.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईची कसली तयारी? मामा घाटकोपरला, चुलतभाऊ कल्याणला, गेलं की झालं. पण जरा घरात विचारून बघा. आपल्याकडची बरीच मोठी माणसं मुंबईला जातात ती दवाखान्याला, मंत्रालयाला, नाहीतर लग्नाला. काम झालं की त्याच रात्रीची गाडी. म्हणजे मुंबईला गेलेत, पण मुंबई बघितलेली नाही.

माझ्या घरी हेच आहे. आमचं शेत बदनापूर तालुक्यात, मोसंबीची बाग आणि दोन म्हशी. बाबा तीन वेळा मुंबईला गेले, तिन्ही वेळा कामानं. आईनं तर समुद्र पाहिलेलाच नाही. यंदा दोघांना न्यायचं मी ठरवलं, तर बाबांनी पहिली अट घातली, "दोन दिवस. त्याच्यावर एक तास नाही. म्हशीची धार कोण काढंल?" शेजारचे काका शनिवार-रविवार सांभाळतो म्हणालेत. म्हणजे हिशोब पक्का झाला. शुक्रवारी रात्री निघायचं आणि सोमवारी सकाळी घरी.

यूट्यूबवर 'मुंबई दर्शन' टाकलं की वीस-वीस ठिकाणांची यादी येते. ती यादी पळणाऱ्यांसाठी आहे. आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना गर्दीत अर्धा तास उभं केलं की ते म्हणणार, चला परत. म्हणून मी यादी उलटी केली. काय काय बघायचं हे नंतर, आधी काय काय सोडायचं ते ठरवलं.

पहिला मुद्दा, गाडी. जालन्याहून मुंबई रेल्वेनं साधारण ४३५ किलोमीटर. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ पासून ती नांदेडहून सुटते. गाडी छान आहे, पण दिवसाची आहे. जनशताब्दी पण दिवसाचीच. दोनच दिवस हातात असतील तर उजेडाचे तास गाडीत घालवायचे नाहीत. म्हणून आमच्यासाठी देवगिरी. रात्री झोपायचं, सकाळी सीएसएमटी. परत येताना पण तीच. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. आई-बाबांना खालचा बर्थ हवा असेल तर ६० दिवस मागं मोजा आणि मोबाईलमध्ये त्या तारखेचा अलार्म लावून टाका.

दुसरा मुद्दा सगळ्यात कामाचा. मुंबईचा नकाशा उघडा आणि फक्त खालचं टोक बघा. ती एक चिंचोळी पट्टी आहे. पूर्वेला बंदर, म्हणजे आडोशाचं, जहाजं उभी राहतात ते पाणी. पश्चिमेला उघडा समुद्र. गेटवे ऑफ इंडिया पूर्वेला, मरीन ड्राइव्ह पश्चिमेला, आणि दोघांत अंतर दोन-अडीच किलोमीटर. सूर्य बंदराच्या बाजूला उगवतो, मरीन ड्राइव्हच्या बाजूला मावळतो. मग आपला दिवस पण तसाच लावायचा. सकाळी पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. एवढं पाळलं तर टॅक्सीचं भाडं वाचतं, पाय वाचतात आणि घरच्यांशी भांडण होत नाही.

शनिवारची सुरुवात सीएसएमटीवरच. ही इमारत १८८८ ची, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. लोक आत उतरतात आणि न बघताच निघून जातात. रस्ता ओलांडून समोर जा, तिथून ती पूर्ण दिसते. बाबांना सांगायला एक गोष्ट मी राखून ठेवली आहे. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे इथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरवरून, ठाण्याला गेली. ३४ किलोमीटर. आणि नावातच बघा, बोरी'बंदर'. रेल्वे पण बंदराच्या काठावरूनच निघाली. सामान क्लोक रूममध्ये ठेवायचं. बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्या.

मग गेटवे. ३१ मार्च १९१३ ला पायाभरणी, ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथं उतरला, त्याची आठवण म्हणून बांधलेली कमान. आणि स्वातंत्र्यानंतर इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीतून बोटीवर चढली. यायच्या स्वागताची कमान जायच्या कामाला आली. बाबांना हे आवडणार.

आता तिसरा मुद्दा, घारापुरी, म्हणजे एलिफंटा. आमच्या घरात खरी अडचण इथंच आहे. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून जास्त माणसं गेली. तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरला, आईनं पण पाहिला. ती सरळ म्हणाली, "म्या नाही बसत बाई त्या बोटीत."

मी तिला "काही होत नाही गं" म्हणाले नाही. झालंय, तर होत नाही कसं म्हणायचं? मी तिला नियम सांगितले. त्या अपघातानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. बोट सुटायच्या आधी ते अंगात, पट्टे आवळलेले. बोट भरगच्च दिसली तर आपण पुढच्या बोटीनं जायचं. वारा जास्त असेल तर जायचंच नाही, आणि पावसाळ्यात तर हा बेतच करायचा नाही. शेवटचा निर्णय आईचा, आणि तो गेटवेवर पाणी बघून घ्यायचा, इथं घरात बसून नाही. ती नाही म्हणाली तर जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, तिथं जायचं. तोंड पाडायचं नाही. मंडळी, प्लॅन बी पण चांगलाच ठेवा. तो शिक्षेसारखा वाटला तर समोरचा माणूस भीतीपोटी नाही, तुमच्या भिडेपोटी हो म्हणतो.

आई हो म्हणाली तर साधारण तासाभराचा प्रवास. लेणी सोमवारी बंद असतात, हे लिहून ठेवा. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी चालते, पुढं शंभरावर पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, पैसे आधी ठरवा. माकडं हातातलं खाणं ओढतात, म्हणून पिशवी बंद. आत त्रिमूर्ती सदाशिव, सुमारे वीस फूट उंच. १९८७ पासून हा पण जागतिक वारसा. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचारा.

आणि बोटीतून पलीकडच्या काठाकडे बघा. उंच क्रेन दिसतील. ते न्हावाशेवा, जेएनपीए बंदर, १९८९ साली सुरू झालेलं. तुम्हाला वाटेल, आपला काय संबंध? आपल्या एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्ट्यांना भंगार लागतं, आणि त्यातलं बरंचसं परदेशातून कंटेनरमध्ये, जहाजानं येतं. याच बंदराचा ड्रायपोर्ट म्हणून आपल्या दरेगाव-जवसगावच्या शिवारात २०१५ ला भूमिपूजन झालं. ड्रायपोर्ट म्हणजे समुद्र नसलेलं बंदर. कंटेनरची तपासणी, कागदपत्रं इथंच, आणि मग माल रेल्वेनं जहाजापर्यंत. बाबा रोज त्या रस्त्यानं जातात. बंदर म्हणजे नक्की काय, ते त्यांनी एकदा डोळ्यानं बघावं असं मला फार वाटतं.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. तिथं काहीच करायचं नाही. कट्ट्यावर बसायचं, शेंगदाणे खायचे, सूर्य बुडेपर्यंत उठायचं नाही. याला मी पूर्ण दोन तास ठेवलेत. आईसाठी तोच पहिला मोकळा समुद्र असेल, समोर काठ नसलेला.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. म्हणून लोकलच्या भरवशावर काही ठेवलेलं नाही. भुयारी मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालते. सीएसएमटीला बसलं की सिद्धिविनायक स्टेशन थेट. आईचं दर्शन सकाळी लवकर. येताना गिरगावला उतरून चौपाटी, पायाला पाणी, दुपारी जेवण, आराम. राहिलेल्या वेळात वस्तुसंग्रहालय, पण दमले असतील तर तेही नाही. रात्री गाडी.

सुटलेली यादी पण सांगते. नटांचे बंगले, मॉल, जुहू, अटल सेतू. सगळं सोडलं. मैत्रीण म्हणाली, मग मुंबईत बघितलं काय? मी म्हटलं, पाणी. दोन्ही बाजूचं.

तर मंडळी, तुमच्या घरी असं कुणी असेल, मुंबईला गेलेलं पण समुद्राशी न बसलेलं, तर आज रात्री जेवताना त्यांना तीन गोष्टी विचारा. किती दिवस जमतील? किती चालता येईल? भीती कशाची वाटते? ही तीन उत्तरं मिळाली की निम्मा प्लॅन झाला. उरलेल्या निम्म्यासाठी हा भाग त्यांना पण ऐकवा. आमचं आरक्षण उघडायला अजून नऊ दिवस आहेत, अलार्म लावलाय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.