खरे सांगण्याची किंमत

(वाहतूक कामगारांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



वाहन चालवून पोट भरणाऱ्या माणसाने आपल्याला ऑटिझम आहे हे मालकाला सांगावे की सांगू नये, हा प्रश्न कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात सहसा आढळत नाही. तेथे पगार असतो, महागाई भत्ता असतो, जादा कामाचा मोबदला असतो. हा प्रश्न मात्र घरगुती, फार तर डॉक्टर आणि रोगी यांच्यामधला मानला जातो. वस्तुतः त्याच्या मुळाशी मालक व कामगार यांच्यातील एक जुना व्यवहार आहे. माहिती कोणाजवळ आहे, ती कोणी कोणास द्यावी, आणि ती दिल्यामुळे नुकसान झाले तर ते कोणी सोसावे, असा तो व्यवहार आहे. म्हणून त्याचा विचार संघटनेच्या व्यासपीठावरच झाला पाहिजे.

आरंभी शब्दाविषयी. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' असा प्रतिशब्द रूढ झाला. मूळ शब्दही 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच बनलेला आहे. तेव्हा भाषांतरकारांचा दोष नाही. परंतु चालकाच्या बाबतीत हा शब्द घात करतो. 'स्वमग्न चालक' असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्यावर लक्ष नसलेला, आपल्याच तंद्रीत गाडी हाकणारा मनुष्य उभा राहतो. वास्तव तसे नाही. ऑटिझम ही मेंदूच्या घडणीतील जन्मजात भिन्नता आहे. तिच्यामुळे माणसांशी होणारा संवाद, आवाज व प्रकाश यांची जाणीव, ठरलेल्या क्रमात अचानक होणारा बदल या गोष्टी निराळ्या रीतीने अनुभवाला येतात. तिच्या छटा इतक्या आहेत की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. कोणाला वाहन चालवणे मुळीच जमणार नाही. कोणी नियमाला पक्का, वाटा तोंडपाठ असलेला, वेगमर्यादा न ओलांडणारा चालक असेल. आणि त्याची अडचण सुकाणूवर बसल्यावर नव्हे, तर आगारात गाडीतून उतरल्यावर सुरू होत असेल.

ही अडचण कशी असते ते पाहा. ड्यूटीचा तक्ता आदल्या रात्री बदलतो. वाहतूक नियंत्रक धावत येऊन अर्धेमुर्धे वाक्य बोलतो आणि उरलेले समजून घ्यावे अशी अपेक्षा करतो. विश्रांतिगृहात पंखा, दूरदर्शन व गप्पा यांचा एकच गलका असतो. सहकाऱ्यांची थट्टा कोठे संपली आणि रोष कोठे सुरू झाला हे ध्यानात येत नाही. साहेबाच्या डोळ्याला डोळा दिला नाही म्हणून उद्धटपणाचा शेरा बसतो. यातील एकाही गोष्टीचा ब्रेक दाबण्याच्या कौशल्याशी संबंध नाही. त्यांवरचे उपायही महागडे नाहीत. तक्ता वेळेवर व लेखी द्यावा, शक्य तेथे मार्ग स्थिर ठेवावा, सूचना कागदावर द्यावी, मधल्या सुट्टीत बसायला शांत कोपरा द्यावा, इतकेच ते आहेत. परंतु हे मागायचे तर कारण सांगावे लागते, आणि कारण सांगितले की नोकरीची चिंता सुरू होते.

पुष्कळांना हे निदान प्रौढपणी मिळते. मुलाची तपासणी करताना डॉक्टर जी लक्षणे विचारतो, ती ऐकून बापाला आपलेच बालपण आठवते. असा मनुष्य पंधरा वर्षे विनाअपघात गाडी चालवत असेल, तर निदानाचा कागद हाती पडला त्या दिवशी त्याच्या चालवण्यात कोणता फरक पडला? काहीही नाही. बदलली ती केवळ माहिती. आणि तेवढ्या माहितीवरून कालचा भरवशाचा चालक आज संशयित ठरू शकतो.

ही भीती काल्पनिक नाही, हे ब्रिटनमधील २०१९ सालच्या प्रकरणाने दाखवून दिले. तेथे डीव्हीएलए ही सरकारी संस्था वाहन चालवण्याचे परवाने देते. ऑटिझममुळे वाहन चालवण्यावर परिणाम होत असेल तरच तो संस्थेला कळवावा, असा तेथील नियम. त्या वर्षी मार्च महिन्याच्या सुमारास संस्थेच्या मार्गदर्शनातील ही अट गळाली असल्याचे लोकांच्या ध्यानात आले. ऑटिझम असणाऱ्या प्रत्येकाने कळवलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ झाला. वर्षानुवर्षे सुखरूप गाडी चालवणारे लोक एका ओळीने कायदा मोडणारे ठरू लागले. नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी या संघटनेने व असंख्य नागरिकांनी आवाज उठवला, तेव्हा संस्थेने दिलगिरी व्यक्त करून पूर्वीचा शब्दप्रयोग पुन्हा घातला. आज तेथे नियम आहे तो असा : सुरक्षितपणे वाहन चालवण्याच्या क्षमतेवर परिणाम होत असेल तर कळवणे बंधनकारक, न कळवल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड. म्हणजे कसोटी निदानाच्या नावाची नसून परिणामाची आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सांगणे आणि मालकाला सांगणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीचा संबंध रस्त्यावरील लोकांच्या जिवाशी आहे. तेथे लपवाछपवीला जागा नाही, आणि कोणत्याही संघटनेने तिची पाठराखण करू नये. दुसरीचा संबंध कामाच्या परिस्थितीशी आहे. मालकवर्ग या दोहोंची सरमिसळ करतो आणि सुरक्षिततेचे नाव घेऊन दुसऱ्या प्रांतात पहिल्याचा अधिकार गाजवतो.

मालक असे का करतो? तो दुष्टच असतो असे नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एडमंड फेल्प्स यांनी १९७२ साली एका निबंधात याची मीमांसा केली. अर्जदार व्यक्तीविषयी पुरती माहिती मिळवणे मालकाला खर्चाचे असते. म्हणून ती व्यक्ती ज्या गटातील आहे त्या गटाविषयीच्या समजुतीवर तो निर्णय घेतो. मनात द्वेष नसतानाही भेदभाव होतो, कारण तो स्वस्त पडतो. फेल्प्स यांनी हे वंश व लिंग यांसंबंधी लिहिले. पण 'स्वमग्न' या शब्दाला ते तंतोतंत लागू आहे. चालकाचा अपघातांचा इतिहास तपासण्यापेक्षा एका शब्दावरून त्याला बाजूला करणे सोपे. त्यावर कामगार जे उत्तर शोधतो तेही तितकेच हिशेबी असते. तो गप्प राहतो. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या बकलंड यांच्या अहवालात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, असे नमूद झाले की ऑटिझम असणाऱ्या काम करण्याजोग्या वयाच्या दहा माणसांपैकी सुमारे तिघांनाच नोकरी आहे. आणि नोकरीत असणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्केच आपल्या ऑटिझमविषयी कामावर पूर्ण मोकळेपणाने बोलतात.

ही स्थिती कायदा नसलेल्या देशातील नाही, हे विशेष. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार, काही अपवाद सोडता, नोकरी देऊ करण्यापूर्वी मालकाने उमेदवाराच्या प्रकृतीविषयी व अपंगत्वाविषयी विचारपूस करता येत नाही. नेमणुकीनंतर कामात वाजवी फेरबदल करून देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. परंतु मालकाला अपंगत्व ठाऊकच नसेल आणि ते ठाऊक असण्यास वाजवी कारणही नसेल, तर हे कर्तव्य त्याच्यावर पडत नाही. म्हणजे संरक्षण हवे तर आधी सांगा, आणि सांगितल्यावर जे होईल ते न्यायाधिकरणापुढे सिद्ध करीत बसा. जोखीम आधी कामगाराची, भरपाई मागाहून आणि अनिश्चित.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळू. बसमधील पन्नास प्रवाशांच्या जिवाचे काय? हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. कारण ते प्रवासीही बहुतांशी श्रमिकच असतात. परंतु सत्य सांगणाऱ्याला शिक्षा केल्याने प्रवासी सुरक्षित होतात काय? २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने जाणूनबुजून आल्प्स पर्वतावर आदळवले आणि १५० माणसे गेली. त्या वैमानिकाचा आजार मानसिक होता. त्याचा ऑटिझमशी सुतराम संबंध नाही, आणि कोणी तसा जोडू नये. लक्षात घ्यायचे ते फ्रेंच तपास यंत्रणेने २०१६ च्या अहवालात काढलेले निष्कर्ष. आपण आजारी आहोत हे वैमानिकाने कंपनीला का कळवले नसावे, याच्या कारणांत उड्डाणाचा व्यवसाय गमावण्याची भीती आणि तसे झाल्यास उत्पन्नबुडीवर विम्याचे पुरेसे संरक्षण नसणे ही कारणे तिने नोंदवली. निष्कर्ष उघड आहे. जेथे खरे सांगितल्याने चूल विझते, तेथे खरे सांगितले जात नाही; आणि ते न सांगितल्याचा धोका अखेर प्रवाशांच्याच वाट्याला येतो. कामगाराची पोटापाण्याची सुरक्षितता आणि रस्त्यावरची सुरक्षितता यांत विरोध नाही. पहिली ही दुसरीची पूर्वअट आहे.

आपल्या देशात या बाबतीत काय आहे? परवान्यासाठी चालकाला आपल्या प्रकृतीविषयी जे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते, त्यात अपस्मार, दृष्टी, रंगज्ञान यांविषयी प्रश्न असतात आणि शेवटी लोकांना धोका होईल असा अन्य आजार वा व्यंग आहे काय, असे विचारले जाते. ऑटिझमचे नाव त्यात नाही. मालवाहू व प्रवासी वाहनांच्या चालकाला शिवाय डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. येथेही कसोटी, तत्त्वतः तरी, परिणामाचीच आहे. नोकरीविषयीचा कायदा पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तो आला, आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात त्याला स्थान मिळाले. परंतु नोकरीत भेदभाव करू नये, वाजवी सोयी द्याव्यात, हा त्या अधिनियमाच्या विसाव्या कलमातील दंडक सरकारी आस्थापनांपुरता आहे. खाजगी मालकाला एकविसाव्या कलमाने समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते, एवढेच. दोन मालमोटारींच्या धन्याकडे खेपेवर राबणाऱ्या चालकाला असे धोरण कोण दाखवणार? आणि फोनवरील ॲपच्या हुकुमाने टॅक्सी फिरवणाऱ्याने आपली अडचण सांगायची तरी कोणाला? ऐकून घेण्याचे बंधन ज्याच्यावर आहे असा मनुष्यच तेथे समोर नाही.

अशा वेळी कामगारांनी स्वतः मिळवलेली हमी किती मोलाची ठरते, याचे उदाहरण शेजारच्या तेलंगणातून घेता येईल. तेथील राज्य परिवहन महामंडळाच्या एका बसचालकास वैद्यकीय तपासणीत रंगांधत्व आढळले आणि जानेवारी २०१६ मध्ये त्याला सेवेतून निवृत्त करण्यात आले. रंगांधत्व १९९५ च्या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हते. तेवढ्यावर प्रकरण संपायचे. पण १९७९ साली कामगार संघटना व तत्कालीन आंध्र प्रदेश परिवहन महामंडळ यांच्यात झालेल्या करारात असे कलम होते की रंगांध ठरलेल्या चालकास वेतनाला संरक्षण देऊन दुसरे काम द्यावे. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो करार बंधनकारक मानला आणि त्या चालकाला पूर्वीच्याच वेतनश्रेणीत योग्य काम व थकबाकीचा काही भाग देण्याचा आदेश दिला. शेहेचाळीस वर्षांपूर्वी वाटाघाटीच्या मेजावर बसलेल्या कार्यकर्त्यांना हा चालक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी लिहून घेतलेली ओळ मात्र त्याच्या कामी आली.

तेव्हा चालकाने सांगावे की सांगू नये, याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे त्याला निर्भयपणाचे पाठ देणे सोपे असते. संघटनेचे काम ते नव्हे. खरे सांगितल्यावर काय होईल हे आधी लेखी ठरवून घेणे, हे तिचे काम. त्यासाठी प्रत्येक करारात चार कलमे घालण्याचा आग्रह धरावा. नेमणुकीपूर्वी निदानाची विचारणा होऊ नये. चालवण्याची क्षमता मात्र सर्वांची सारख्याच कसोटीने तपासावी. दुसरे, कामगाराने सांगितलेली माहिती नेमून दिलेल्या एकाच अधिकाऱ्याजवळ गुप्त राहावी. ती आगाराच्या चर्चेचा विषय होऊ नये. तिसरे, मागितलेल्या सोयीवर ठरावीक दिवसांत लेखी उत्तर मिळावे, आणि नकार असल्यास कारण द्यावे. चौथे, तपासणीअंती एखादा खरोखरच वाहन चालवण्यास असमर्थ ठरला, तर त्याला वेतन राखून दुसरे काम द्यावे.

जेथे मालक विखुरलेले आहेत तेथे करार कोणाशी करावा, असे विचारले जाईल. महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर १९६९ च्या माथाडी कायद्याने एकदा दिले आहे. अनेक मालक आणि अनेक हमाल यांच्यामध्ये त्याने मंडळ उभे केले, आणि ज्याला मालक दाखवता येत नव्हता त्या श्रमिकाला नोंदणी व हक्क दिले. खेपेवरचे व ॲपवरचे चालक यांच्यासाठी अशाच मंडळाची मागणी झाली पाहिजे. त्या मंडळापाशी चालकाची अडचण सांगता येईल, आणि ती ऐकून घेणे मंडळावर बंधनकारक असेल.

पुढील कराराची मुदत जेथे भरत आली आहे, तेथील कार्यकर्त्यांनी ही चार कलमे मसुद्यात घालण्यास आतापासून आरंभ करावा. आगारात आज असा एकही चालक नाही, असे कोणी म्हणेल. तो असेल, त्याने अजून सांगितलेले नाही इतकेच.