मंगळवारचा पाहुणा

ताडोबा मंगळवारी बंद असतो, हे मोहर्लीतल्या लेकरालाही माहीत आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा त्या दिवशी खोलीत बसून राहतो, नाहीतर नागपूरची वाट धरतो. त्याचा बराचसा पैसा गेटजवळच राहतो. मूल, सावली, चामोर्शीच्या बायांच्या हाती काय लागतं?

हाच पाहुणा सकाळी चंद्रपुरात गोंडराजांचा किल्ला आणि महाकालीचं देऊळ पाहून मूलमार्गे मार्कंड्याला गेला तर? तिथं वैनगंगा उत्तरेकडे वाहते, काठावर दगडात कोरलेली जुनी देवळं आहेत. जाण्यायेण्यात दिवस जातो. म्हणजे वाटेत एक जेवण आणि दोनदा चहा. हेमलकसा मात्र एका दिवसात उरकायची जागा नाही. तिकडच्या पाहुण्याला मुक्कामच लागतो.

जेवणात पनीर करू नका बाई, ते त्याला घरी मिळतंच. एचएमटीचा भात, वरण, जवसाची चटणी वाढा. हा धान नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधला, हेही सांगा. जेवण लक्षात राहतं, आणि चार किलो तांदूळही विकला जातो.

पण पाहुण्याला हे सांगणार कोण? मोहर्लीचा गट. वाटेवरच्या गटांचे नंबर त्यांच्याकडे हवेत. सोमवारी सांजेला फोन गेला पाहिजे: उद्या सहा माणसं, दुपारी एक वाजता. ताटाचा दर आधीच ठरवा, दारात घासाघीस नको. फोन करणाऱ्या गटाला काय द्यायचं, तेही बैठकीत लिहून ठेवा.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, तेव्हा जुळवाजुळव आत्ताच करा. महाशिवरात्रीला मार्कंड्याला मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत पाहुण्याला गर्दीची कल्पना आधी द्या.