घराची डागडुजी



कुकटपल्लीची मोठी वसाहत आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळाने वसविली. तिथली घरे कुटुंबाबरोबर कशी वाढली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मुले मोठी झाली की एक खोली, सून आली की वर मजला. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती घाईला.

दिवाळीपूर्वी आपण भिंती रंगवितो आणि आषाढात पोपडे सुटतात. रंगारी बिचारा उगाच बोल खातो. ओल पुष्कळदा गच्चीतून उतरलेली असते. म्हणून आधी पन्हळीचे तोंड मोकळे करावे, पाणी कोठे साचते ते पाहावे, भेगा बुजवाव्यात. पन्हळीकडे शंभर फुटांस एक फूट तरी उतार हवा. नव्या कोब्यावर निदान 7 दिवस पाणी मारावे. मेस्त्री तिसऱ्याच दिवशी ‘झाले साहेब’ म्हणतो, तिकडे लक्ष देऊ नये! रंग सर्वांत शेवटी.

भिंत पाडण्याची गोष्ट निराळी. आतली भिंत नुसता आडोसा आहे की छप्पर पेलते आहे, हे ठोकून कळत नाही, अभियंत्याला दाखवावे. 75 चौरस गजांपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरास तेलंगणाच्या 2020 च्या कायद्याने परवानगीऐवजी केवळ नोंदणी पुरेशी ठरविली. पायाला मात्र ती सवलत नाही. आणि दोन घरांत भिंत एकच असेल, तर घण उचलण्यापूर्वी शेजाऱ्यांचे दार ठोठवावे. पलीकडच्या खोलीत दुपारची एखादी आजी निजलेली असते.