सुट्टीतले १० दिवस आणि एक वही



दहावी जवळ आली की आपल्या मोहल्ल्यात दोन सल्ले ऐकू येतात. एक, "शिकून कुठं नोकरी लागणार आहे? गॅरेजवर बस, हातात हुनर येईल." दुसरा, "बाकी कशात लक्ष घालू नकोस, नुसता अभ्यास कर." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण पहिल्यात शाळा सुटते. दुसऱ्यात पदवी मिळते, पण काम कसं चालतं ते पाहिलेलंच नसतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नव्या मुलांच्या मुलाखती घेताना एक प्रश्न हमखास विचारतो: एखादी गोष्ट बंद पडली तेव्हा दोष कसा शोधलास? उत्तम गुण मिळवलेली मुलंही इथं गप्प होतात.

आता मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम शिकणाऱ्या पोराकडे बघा. फोन चार्ज होत नसेल तर तो आधी केबल बदलतो, मग चार्जर, मग पोर्टमधला कचरा काढतो, शेवटी बॅटरी तपासतो. एका वेळी एकच गोष्ट. आमच्या क्षेत्रात याला डीबगिंग म्हणतात आणि त्याचाच पगार मिळतो. हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. मल्टिमीटरवरचे व्होल्ट म्हणजे शाळेतल्या विज्ञानाचाच धडा, हेही कुणी दाखवलेलं नसतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत. त्यात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायचं. हायस्कूलच्या मुलामुलींनी सुट्टीत हेच करावं. मेडिकल स्टोअर, छापखाना, टेलरचं दुकान, कुठंही चालेल. रोज वहीत चार ओळी लिहायच्या: अडचण काय होती, काय तपासलं, काय सापडलं, कोणता प्रश्न उरला. शिवणकाम करणाऱ्या खालाजवळ बसून कापड, मजुरी आणि नफा मांडणारी मुलगी हिशेब शिकते. तोच तक्ता संगणकावर केला की स्प्रेडशीटही शिकते. शाळा उघडली की ती वही शिक्षकांना दाखवा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. १४ वर्षांखालच्या मुलांना नोकरीवर ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि १८ वर्षांखालच्यांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. शिकायला जाणं वेगळं, शाळा सोडून राबणं वेगळं. हाताचं काम आवडलं तरी शिक्षण थांबत नाही. दहावीनंतर आयटीआय आहे, पॉलिटेक्निकचा ३ वर्षांचा डिप्लोमा आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

आज इथं बसलेल्यांपैकी जे नोकरीत किंवा धंद्यात आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे. येत्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या एका मुलाला किंवा मुलीला आपलं काम दाखवा. जी दारं आपल्याला ओळखीमुळे उघडी आहेत, ती त्यांना एकट्याने उघडता येत नाहीत.